आयपी२ अखेर हलला: २०१६ किलोहर्ट्झवरचा चोर सापडला

४५ वर अडून बसलेला मिनी-व्हिपचा, म्हणजे माझ्या छोट्या रिसीव्हिंग अँटेनाच्या ॲम्प्लिफायरचा, ओआयपी२ आता ५९ डीबीएमवर गेलाय, आणि दोष त्यातल्या जे३१० किंवा २एन५१०९ ट्रान्झिस्टरचा नव्हताच! (ओआयपी२ म्हणजे आउटपुटला मोजलेला आयपी२: दोन जोरदार सिग्नल मिसळून त्यांच्या बेरजेवर खोटा सिग्नल उमटतो, तो जितका कमी तितका हा आकडा मोठा.)

बेळगावात खरा त्रास मीडियमवेव्हचा, हे मागं लिहिलंच होतं. धारवाड आकाशवाणी ७६५ वर, २०० किलोवॅट. सांगली १२५१ वर. बेरीज २०१६. संध्याकाळी तिथं रिसीव्हर लावला की धारवाडचं कन्नड आणि सांगलीचं मराठी एकात एक मिसळून ऐकू येतं. त्या जागी कुठलंच स्टेशन नाही.

मोजण्यासाठी टेबलावर दोन जनरेटरचे ७७० आणि १२५० चे टोन घेतले. प्रत्येकाला वेगळा लो-पास फिल्टर आणि सिग्नल कमी करणारा १० डीबीचा पॅड, पुढं दोन्ही एकत्र करणारा हायब्रिड कंबाइनर, व्हिपच्या जागी १० पिकोफॅरडचा कपॅसिटर. सगळं उद्यमबागेतल्या लेथवाल्याकडून करून घेतलेल्या ॲल्युमिनियमच्या डब्यात. झाकण इतकं घट्ट बसतं की टोन बंद केले की धारवाडचा मागमूसही दिसत नाही. या डब्यावर मी बेहद्द खूश आहे.

आउटपुटला दोन्ही टोन ० डीबीएम. १७३० वरचं थर्ड ऑर्डर (१२५० ची दुप्पट वजा ७७०) ६४ डीबी खाली, म्हणजे त्याचा तसलाच आकडा, ओआयपी३, +३२. छानच. पण २०२० वरचं सेकंड ऑर्डर (दोघांची बेरीज) फक्त ४५ खाली.

पहिला संशय टायनीएसए या छोट्या स्पेक्ट्रम ॲनालायझरवर. त्याच्या तोंडाशी १० डीबीचा पॅड लावला, प्रॉडक्ट, म्हणजे तो खोटा सिग्नल, बरोबर १० नंच उतरलं, ॲनालायझर सुटला. तोच पॅड कंबाइनरनंतर लावला, प्रॉडक्ट २० नं उतरलं (जनरेटरमध्ये बनत असतं तर १० नंच उतरलं असतं); जनरेटरही सुटले. म्हणजे गडबड मधेच. जे३१० बदलून पाहिले, करंट वाढवला. आकडा ढिम्म.

ट्रान्झिस्टर दोषी असता तर बायस बदलल्यावर काहीतरी हललं असतं. शिवाय थर्ड ऑर्डर चांगलं आणि सेकंड वाईट, म्हणजे कुठंतरी वरची-खालची बाजू असमान होतेय. तशी असमान करणारा एकच होता, केबलमधून जाणारा डीसी. बारा व्होल्टची बॅटरी थेट बोर्डवर जोडली. बायस-टी, म्हणजे सिग्नलच्याच केबलमध्ये डीसी सोडणारी डबी, जागेवरच ठेवला, फक्त त्यातून करंट नाही. २०२० वरची रेघ १४ डीबी खाली कोसळली!

बायस-टी उघडला. आत तुरीच्या डाळीएवढा फेराइट चोक, म्हणजे डीसी जाऊ देणारी पण सिग्नल अडवणारी कॉइल. डीसीनं कोअर एका बाजूला रेटला जातो, मग सिग्नलचे दोन अर्धे सारखे राहत नाहीत, आणि फ्रिक्वेन्सी जितकी खाली तितका हा दोष जास्त. विकणारे रेंज आणि करंट छापतात, आयपी२ सहसा छापत नाहीत. रिसीव्हिंग अँटेनासाठी रेडीमेड बायस-टी घेऊच नये, या मताचा मी आता झालोय.

मोठ्या आयर्न पावडर टोरॉइडवर (कड्यासारख्या कोअरवर) नवा चोक गुंडाळायचा ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं, बोर्डवरही तसलाच चोक आहे, आणि बॅटरीनं दोघांतलाही डीसी काढून घेतला. कुणाचा वाटा किती, ते वेगवेगळं मोजावं लागेल. की टोरॉइड राहू दे, सरळ कॅट-५ (नेटवर्कची, चार जोड्यांची) केबल टाकावी? एका जोडीतून सिग्नल, दुसरीतून डीसी, दोन्ही टोकांचे चोक सिग्नलच्या वाटेतून बाद. हेच बरं वाटतंय. केबल आणतो, पण आधी बोर्डवरचा चोक एकटा मोजतो. तुमच्यापैकी कुणी बायस-टीचा आयपी२ मोजला असेल तर डीसी करंटसकट आकडा सांगा.