आमची वाटचाल: शेगडीआधी पेलेट तपासा

सोलापुरातल्या खानावळी, मंगल कार्यालयं आणि कडक भाकरीचे गृहउद्योग यांना आम्ही पेलेटवर, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्यांवर चालणाऱ्या ब्लोअरच्या (हवा फुंकणाऱ्या पंख्याच्या) शेगड्या बनवून देतो. सुरुवातीला नुसती शेगडी विकायचो. पुढे इंधन तपासून द्यायला लागलो, आणि आता इंधन व धुराडं पाहिल्याशिवाय शेगडी बसवतच नाही. कारण ‘शेगडी बिघडली’ म्हणून फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा शेगडी ठणठणीत असते, खोट पेलेटमध्ये असते.

चांगलं पेलेट म्हणजे कोरड्या लाकडाचा भुसा दाबून केलेली ६ किंवा ८ मिलिमीटर जाडीची कांडी. त्यात डिंक किंवा गोंद लागत नाही. दाबाच्या उष्णतेने लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच भुसा धरून ठेवतं. ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा. आपल्याकडे वखारींचा भुसा आहे, तुरकाट्या आहेत, शेंगांची टरफलंही भरपूर. त्यामुळे पेलेटमध्ये सर्रास मिसळ होते. टरफलं जळतात छान, पण निव्वळ लाकडाच्या कित्येक पट राख सोडतात. त्या राखेतलं पोटॅश आणि वाळू तापून वितळतात आणि थंड होताना जाळीवर काचेसारखा खंगर धरतात. भोकं बुजली की खालून हवा मिळत नाही, ज्योत पिवळी आणि सुस्त होते, धूर येतो. मग माणूस ब्लोअर वाढवतो आणि राख उडून भाकरीवर बसते. अशा वेळी शेगडी पूर्ण निवल्यावर जाळी काढून खंगर खरवडायचा. ब्लोअर वाढवणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

पोतं घेण्याआधी मूठभर पेलेट ग्लासभर पाण्यात टाका. घट्ट पेलेट तळाशी जातं आणि मग फुगून सुटतं. तरंगलं तर ते नीट दाबलेलं नाही. लिटरच्या मापात साधारण ६०० ग्रॅमच्या वर भरलं पाहिजे. एक किलो जाळून राख तोला: स्वच्छ लाकडाची १० ग्रॅमच्या आसपास निघते, ३०-४० ग्रॅम निघाली तर टरफलं किंवा माती आहे असं धरा. पोत्याच्या तळाचा चुरा चाळून बाजूला काढा, तो हवेची वाट अडवतो. प्लायवूड, एमडीएफ, रंगवलेलं लाकूड यांचा भुसा नको. त्यातल्या रेझिनचा आणि रंगाचा धूर विषारी असतो. टॉवेल-चादरींच्या कारखान्यातला सुताचा कचरा आणि चिंध्याही शेगडीत घालू नका.

खर्चाचा अंदाज सांगतो. गॅसच्या एका किलोत सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात, बऱ्या पेलेटमध्ये सुमारे ४,०००. म्हणजे १९ किलोच्या सिलिंडरइतकी उष्णता मिळायला कागदावर ५० किलोच्या वर पेलेट लागतं. ओलं असेल तर आणखी.

पेटवताना शेगडीच्या आतल्या, पेलेट जळतं त्या भांड्यात दोन बोटं पेलेट, वर कापराच्या दोन-तीन वड्या किंवा बारीक सुक्या काटक्या, ब्लोअर अगदी मंद. ज्योत धरली की हळूहळू वाढवा. रॉकेल, पेट्रोल, थिनर कधीच ओतू नका. गरम भांड्यावर त्याची वाफ होते आणि भडका थेट तोंडावर येतो. बंद करताना आधी पेलेट सोडणं थांबवा, भांड्यातलं जळून जाऊ द्या, ब्लोअर १०-१५ मिनिटं चालू ठेवा.

वीज गेली की ब्लोअर थांबतो. पेलेट धुमसतं आणि आग नळीतून मागे हॉपरकडे, म्हणजे पेलेट भरून ठेवायच्या टाकीकडे सरकू शकते. म्हणून बॅटरीची सोय नसलेल्या ठिकाणी आम्ही हॉपरची शेगडी देत नाही. हॉपरमधून धूर दिसला तर झाकण उघडून बघू नका. पेलेटची झडप बंद करा, माणसं बाहेर काढा, कोरडी वाळू आणि अग्निशामक जवळ ठेवा, आवरत नसेल तर लगेच १०१.

सगळ्यात घातक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही लक्षणं आपल्या उन्हाळ्यात ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून दिली जातात. स्वयंपाकघरातल्या दोघा-तिघांना एकदम तसं झालं तर आधी सगळ्यांना उघड्यावर न्या, मग दवाखाना. छताखाली सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म बसवाच. बंद गोदामात भरपूर पेलेट साठवलं तर तिथेही हा वायू साचतो, म्हणून दार उघडून हवा खेळल्यावरच आत जा.

धुराड्याचा पाइप शेगडीच्या तोंडापेक्षा बारीक करू नका, दोनच्या वर वळणं नकोत, टोक छपरापेक्षा वर हवं. पत्र्यातून पाइप जातो तिथे बांबू किंवा लाकडी वासा चिकटलेला नसावा. काजळी महिन्याला झटका.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, बाहेर, किमान २४ तास. आतले निखारे वरून दिसत नाहीत. प्लास्टिकच्या बादलीत किंवा घंटागाडीत गरम राख टाकू नका. बागेत टाकणार असाल तर चिमूटभरच, आपली काळी माती आधीच अल्कधर्मी आहे.

पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब रचा. सप्टेंबरात आपल्याकडे जोराचा पाऊस होतो, तेव्हा उघडं पोतं दमट हवा धरून भुसभुशीत होतं. असं पेलेट वाळवून पुन्हा वापरता येत नाही, त्याचा भुगाच होतो. फुटलेलं पोतं आमच्याकडून बदलून न्या, शेगडीत घालू नका.