1891 साली गेलेल्या माणसाचा मृत्यूचा दाखला

अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये मृत्यूची राज्यभर नोंद सुरू झाली 1911 साली. हे वाक्य मी तीन पत्रांत लिहिलंय, दोनदा फोनवर सांगितलंय आणि एकदा खिडकीसमोर उभी राहून ऐकवलंय, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

माझ्या अमेरिकन सासूबाई 84 वर्षांच्या. त्यांचे पणजोबा जर्मनीहून आले, इलिनॉयमार्गे कॅन्ससला पोचले आणि तिथेच 1891 साली वारले. ‘इलिनॉयला एक मुलगी मागे राहिली’ अशी घरात पुसट आठवण होती. ती कोण, एवढंच सासूबाईंना हवं होतं.

जमिनीचं काम झटपट झालं. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर सरकारी जमीन मिळत असे, पण पाच वर्षं तिथे राहून, जमीन कसून दाखवावी लागे. पट्ट्याची, म्हणजे जमीन नावावर झाल्याच्या कागदाची, प्रत केंद्राच्या जमीन खात्याच्या साइटवर फुकट मिळते. पट्ट्यावरचे आकडे देऊन वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून अख्खी फाइल मागवली. शेजाऱ्यांच्या साक्षी, किती जमीन नांगरली, घर 14 बाय 18 फूट, सगळं त्यात होतं.

कॅन्सस राज्याची स्वतःची 1875 ची जनगणना जरूर बघा. ‘कॅन्ससला कुठून आलात’ असा रकाना त्यात आहे. आमच्या ओळीत बायको 29 वर्षांची आणि थोरला मुलगा 16 वर्षांचा! म्हणजे आधीची एक बायको असणार. मुलीचा मात्र पत्ता नाही.

उरला वारसांचा कागद. तो काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, कोर्टात. कुठली काउंटी ते विचारू नका, मला तिथे परत जायचंय.

पहिलं पत्र परत आलं: मृताचा मृत्यूचा दाखला जोडा. मी लिहिलं, 1891 साली दाखला देत नसत. उत्तर आलं: दाखला जोडा. शब्दन् शब्द तेच. तिसऱ्या पत्राला जमिनीच्या फाइलची प्रत आणि थडग्याचा फोटो जोडला. पाच आठवडे काही नाही. फोन केला तर बाईंनी विचारलं, “मृताशी तुमचं नातं?” म्हटलं, “माझ्या सासूबाईंचे पणजोबा.” “मग सासूबाईंनी अर्ज करायला हवा.” सासूबाईंनी थरथरत्या हाताने सही केली, अर्ज गेला आणि उत्तर आलं: दाखला जोडा. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण इथे कुणी इंग्रजीत शिकवली कोण जाणे. नाशिकला आमच्या उपाध्यायांनी वही उघडून सात पिढ्या वाचून दाखवल्या होत्या. चहा होईपर्यंत!

शेवटी एका मंगळवारी चार तास गाडी चालवून गेले. खिडकीवरच्या मुलीला 1911 चं वाक्य ऐकवलं. ती म्हणाली, “हो, बरोबर आहे तुमचं,” आणि तळघरात गेली. बारा मिनिटांत दोरीने बांधलेलं पुडकं माझ्यासमोर. मी घड्याळ लावून बसले होते.

(हो, आडनाव. कोर्टाच्या यादीत ते नव्हतंच. म्युलरचा मिलर होतो तसं काहीतरी झालं होतं. खिडकीवरच्या मुलीने तीन स्पेलिंगं पाहिली. नाव न सापडल्यास साल धरून रजिस्टर चाळायला सांगा. आणि 1890 ची केंद्राची जनगणना शोधत बसू नका. 1921 च्या आगीनंतर तिच्यातलं फारसं काही उरलेलं नाही. माझे दोन रविवार त्यात गेले.)

पुडक्यात मालमत्तेची यादी होती: तांबूस घोडी एक, मका पेरायचं यंत्र एक, लोखंडी चूल एक, “तडा गेलेली”. तिच्याखाली वारस. कॅन्ससची पाच मुलं, आणि सहावी एक विवाहित मुलगी, राहणार इलिनॉय, नवऱ्याच्या आडनावासकट. वाटा मिळाल्याच्या पावतीवर तिने सहीच्या जागी फुली मारलेली.

सासूबाईंना फोटो पाठवला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तिला लिहायला कुणी शिकवलंच नाही?”

आता इलिनॉयच्या काउंटीला पत्र टाकलंय, तिच्या लग्नाच्या नोंदीसाठी. सही सासूबाईंची, नातं पहिल्याच ओळीत.