हिरे धुणारी माणसं

कार्लुश जुलियांव हे नाव मला गोव्यामुळे कळलं. माणूस मूळचा इटलीतल्या तोरिनोचा, नोकरी मात्र पोर्तुगीज सैन्यात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो त्या साम्राज्यात बराच फिरला. त्याच्या एका चित्रात गोवा, दीव, रिओ द जानेरो आणि मोझांबिक ही चार ठाणी एकाच कागदावर मांडली आहेत. मी गोव्याचा किनारा बघायला गेले आणि पोचले ब्राझीलला. रिओच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्याचे जलरंग आहेत आणि त्यांत सेर्रो फ्रिओच्या हिऱ्यांच्या खाणीची चित्रं आहेत. तीच मी सध्या हातानं उतरवतेय.

आम्हा गोव्यातल्या डिचोलीच्या, लोहखनिजाच्या पट्ट्यातल्या लोकांना खाण म्हटली की पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला लाल डोंगर दिसतो. ही खाण तशी नाही. सेर्रो फ्रिओ ज्या भागात येतं, त्या मिनास झेराइसमध्ये हिरे नदीच्या पात्रातल्या खडीत सापडत. पाणी कमी असलं की प्रवाह वळवून ती खडी उपसायची, ढीग लावायचे आणि पावसाळ्यात पाणी आलं की धुवायची. उपसणारे आणि धुणारे आफ्रिकी वंशाचे गुलाम. १७७१ पर्यंत ठेकेदारी होती, मग राजसत्तेनं सगळं काम आपल्याच हातात घेतलं. गुलाम मात्र बरेचसे खासगी मालकांकडून भाड्यानं घेतलेले. म्हणजे राबणार एक, मजुरी दुसऱ्याच्या खिशात.

चित्रात धुणाऱ्यांची रांग आहे, सगळे कमरेत वाकलेले. समोर चाबूक घेतलेले मुकादम. मी चौकडी आखून पेन्सिलीनं उतरवायला घेतलं तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की मुकादमाच्या कपड्यांपाशी माझा हात रेंगाळतोय. टोप, कोट, पायातलं, हातातलं. प्रत्येक गोष्टीला वेगळी रेघ लागते. आणि वाकलेल्या पाठी? एक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, त्यावर सावलीचा दुसरा वॉश, झालं. माणसागणिक फरक फारसा नाही. चित्रकारानं आपला वेळ कुणाला दिला, हे नुसतं बघून कळत नाही. त्याच्या मागोमाग ब्रश फिरवला की कळतं. म्हणून मी प्रिंट काढून भिंतीला लावत नाही.

त्या पाठींमागे काय चाललं होतं, ते मला जॉन मॉ या इंग्रज खनिजतज्ज्ञाच्या पुस्तकात मिळालं. १८०९-१०च्या सुमारास तो या भागात जाऊन आला आणि १८१२ मध्ये त्यानं प्रवासवर्णन छापलं. त्यातही हिरे धुण्याचं चित्र आहे. तो सांगतो: गवतानं शाकारलेली लांबट शेड, आत उतरत्या हौद्यांची ओळ, खडीच्या ढिगावर मुकादमांच्या उंच बैठका. हिरा सापडला की गुलामानं सरळ उभं राहून टाळी वाजवायची, मग अंगठा आणि तर्जनीत तो धरून दोन्ही हात पसरायचे. मुकादम तो घेऊन शेडच्या मधोमध टांगलेल्या, पाणी भरलेल्या लाकडी भांड्यात टाकायचा. कुणी हौदीत हिरा दडवून ठेवू नये म्हणून मधूनमधून सगळ्यांना जागा बदलायला लावत. गिळल्याचा संशय आला तर कोंडून ठेवत.

साडेसतरा कॅरटचा हिरा सापडला तर गुलामाला फुलांची माळ घालून मिरवत नेत आणि मुक्त करत. आठ-दहा कॅरटचा असेल तर दोन सदरे, एक पोशाख, टोपी आणि सुरी. मला या यादीचा फार राग येतो. मोकळं होण्यासाठी नदीनं किती मोठा दगड द्यायला हवा, हे त्यांनी वजनात ठरवून ठेवलं होतं. ब्राझीलमधली गुलामगिरी संपायला १८८८ साल उजाडलं.

हे वाचून मी पुन्हा कागदाकडे वळले, तेव्हा चित्राची रचनाच वेगळी दिसायला लागली. मोकळ्या बाजू, सरळ रांगा, समोर बसलेला माणूस. सगळं त्याला नीट दिसावं असं मांडलेलं. आपणही ते चित्र जवळजवळ त्याच्याच जागेवरून बघतो.

माझे बाबा खाणीवर होते. सुरुवातीच्या काळात बायका डोक्यावरून टोपल्यांनी खनिज वाहायच्या, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलंय. पुढे ते बार्जमधून मांडवीनं मुरगावला जायचं. इथली कन्सेशन्स, म्हणजे खाणींचे परवानेही पोर्तुगीजांनीच दिलेले. गोवामुक्तीनंतर ती कन्सेशन्स तशीच चालू राहिली आणि १९८७ च्या कायद्यानं त्यांची लीज झाली. दोन्हींत फरक मोठा आहे, गुलामगिरी आणि मजुरी एक नव्हे. पण त्या पाठी रंगवताना टोपलीवाल्या बायका आठवतात, हे खरं आहे.

मी चित्रकला शिकवते, तिथे नक्कल म्हणजे हलकं काम, असं पालकांकडूनही ऐकावं लागतं. त्यांना मी अजिंठ्याचं सांगते. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स या चित्रकार-शिक्षकाच्या हाताखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तिथली भित्तिचित्रं वर्षानुवर्षं उतरवली. त्यांतल्या बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनमध्ये लागलेल्या एका आगीत जळाल्या. पण ज्या उरल्या, त्यांत पुढे भिंतीवरून पुसट झालेले भागही बघायला मिळतात.

मध्यंतरी एका ओळखीच्यांनी हॉटेलच्या लॉबीसाठी हेच चित्र मागितलं. ‘जुना पोर्तुगीज काळ’ हवा होता, फक्त चाबूक काढून टाका म्हणाले. मी नाही म्हटलं. उलट एका विद्यार्थिनीनं विचारलं, या माणसांना चेहरे का नाही देत? तिचा प्रश्न मला जास्त अवघड वाटला. नकलेत मी ते देणार नाही, कारण जुलियांवनं काय दिलं नाही, हेही त्या कागदावर राहिलं पाहिजे. तिला मात्र सांगितलंय, मॉनं लिहिलेला तो टाळीचा क्षण तू काढ. माणूस सरळ उभा आहे, हात पसरलेले आहेत आणि आपण समोरून बघतोय. तिनं कच्ची रेखाटनं आणली आहेत. पसरलेल्या हातांची बोटं अजून जमत नाहीत, त्यावर सध्या आम्ही दोघी बसलोय.