सुपर पॅक-मॅन, १९८४: कार्ट्रिज बोर्डाची प्रगती

मंडळी, परवा रात्री साडेअकराला माझ्या अटारी ८००एक्सएल या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर सुपर पॅक-मॅन सुरू झाला. एमुलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, हा खेळ मी गेली तीन वर्षं खेळतोय. पण खऱ्या मशीनवर, काचेच्या जुन्या टीव्हीवर, हातात जॉयस्टिक घेऊन तो पहिल्यांदाच पाहिला. पहिली किल्ली खाल्ली, लांबच्या कोपऱ्यातलं दार उघडलं आणि मी जॉयस्टिक खाली ठेवून नुसता बघत बसलो.

सध्या खेळ एसडी कार्डावरून चालतोय. आर्दुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर बांधलेली एसड्राइव्ह-मॅक्स फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग घेते आणि मशीनला ते खरं वाटतं. माझा हट्ट मात्र कार्ट्रिजचा आहे, म्हणजे चिपवर भरलेला खेळ थेट मशीनच्या खाचेत. ही नोंद मुख्यतः त्या बोर्डाबद्दल.

नव्याने आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. आर्केडमधला सुपर पॅक-मॅन नामकोने १९८२ मध्ये काढला. त्यात ठिपके नाहीत. किल्ल्या खायच्या, त्यांनी दारं उघडायची, दारांमागची फळं मटकवायची. हिरवी मोठी गोळी खाल्ली की पॅक-मॅन फुगतो आणि बंद दारं फोडून सरळ आत घुसतो. अटारीच्या ८-बिट कॉम्प्युटरसाठी हा खेळ लँडन डायर यांनी लिहिला. १९८३ चा डाँकी काँगही त्यांचाच. (त्या डाँकी काँगमध्ये त्यांनी स्वतःची आद्याक्षरं दडवली होती, ती लोकांना सापडली २००९ मध्ये. सव्वीस वर्षं ती त्या चिपमध्ये बसून होती, हे मला अजूनही थक्क करतं.)

सुपर पॅक-मॅन पूर्ण झाला, दुकानात मात्र कधीच आला नाही. १९८३ पासून अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळत होता. मे १९८४ मध्ये अटारीने ५२०० हे कन्सोल बंद केलं आणि जुलैत अटारीची मालक कंपनी वॉर्नरने घरगुती विभाग कमोडोरचे संस्थापक जॅक ट्रॅमिएल यांना विकला. ज्युनियर पॅक-मॅनचंही तसंच झालं: अटारीच्या २६०० कन्सोलवरची आवृत्ती काही वर्षांनी का होईना बाहेर आली, ५२०० आणि कॉम्प्युटरवरच्या आवृत्त्या राहून गेल्या. या खेळांत अर्धवट काही नव्हतं. माणसांनी रात्री जागून काम संपवलं आणि ते खोक्यात गेलं. म्हणूनच मला हा खेळ चिपवर हवा आहे. तो ज्या रूपात घरोघरी जायचा होता, त्याच रूपात एकदा तरी मशीनच्या खाचेत बसावा.

आता बोर्ड. ८००एक्सएलची कार्ट्रिज खाच ३० पिनांची. त्यावर ए-० ते ए-१२ इतक्याच ॲड्रेस लाइन येतात, म्हणजे एका वेळी ८ किलोबाइट. १६ किलोबाइट हवे असतील तर मशीन दोन वेगळे सिलेक्ट सिग्नल देतं: मेमरीतल्या ८००० (हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातला आकडा) या पत्त्यापासूनच्या अर्ध्या भागासाठी एस-४ आणि ए००० पासूनच्या भागासाठी एस-५. दोन्ही हाक मारताना खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे जातात. मी एस-४ थेट ईप्रॉमच्या (खेळ भरायची, पुसून पुन्हा वापरता येणारी चिप) ए-१३ ला दिला. वरचा भाग वाचताना एस-४ वर असतो, म्हणून ए-१३ आपोआप १ होतो आणि वरचा अर्धा भाग मिळतो. खालचा वाचताना ए-१३ शून्य. चिप जागी करणाऱ्या इनेबल पिनेसाठी दोन्ही सिग्नल ७४एलएस०८ या लॉजिक चिपच्या एका अँड गेटमधून काढले. चार गेटपैकी तीन रिकामे राहतात, चालतं.

२७सी१२८ ही १६ किलोबाइटची ईप्रॉम मिळाली नाही. पुण्यातल्या तापकीर गल्लीत तीन दुकानं फिरलो, शेवटी जुन्या मालात दुप्पट मोठ्या २७सी२५६ मिळाल्या. पिना जवळपास त्याच आहेत, फक्त २७ नंबरची पिन इथे ए-१४ होते. ती ग्राउंडला बांधली आणि खालचे १६ किलोबाइट वापरले. चिपा वापरलेल्या होत्या, त्यामुळे यूव्ही दिव्याखाली वीस मिनिटं ठेवून पुसल्या.

खेळ भरण्याआधी मी एक छोटा चाचणी प्रोग्राम लिहिला. दोन्ही अर्ध्या भागांत ठरावीक आकडे भरायचे आणि ते बरोबर वाचले गेले का, हे पडद्यावर दाखवायचं. वरचा भाग पहिल्या झटक्यात बरोबर. म्हणजे कार्ट्रिजची ओळख सांगणारे, बीएफएफए या पत्त्यापासूनचे सहा बाइट जागेवर होते आणि बीएफएफसी मध्ये शून्य होतं. ते शून्य नसेल तर मशीन कार्ट्रिज आहे असं मानतच नाही. खालचा भाग मात्र पूर्ण चुकीचा. दोन संध्याकाळी मी ए-१३ ची लाइन तपासत बसलो, अँड गेट बदललं, चिपही बदलली. काही फरक नाही.

शेवटी सहज म्हणून प्रोग्रामला ८००० वर एक आकडा लिहायला लावला आणि तो परत वाचला. तोच आकडा परत आला! रॉममध्ये लिहिलेलं टिकत नाही. म्हणजे मी माझी चिप वाचतच नव्हतो, मशीनची स्वतःची रॅम वाचत होतो. मग उलगडा झाला. खालच्या भागात कार्ट्रिज आहे, हे आर-डी-४ लाइन ५ व्होल्टवर असेल तरच मशीनला कळतं. ती खाली असेल तर तिथे रॅम दिसते आणि एस-४ कधी हलतच नाही. भिंगातून पाहिलं तर आर-डी-४ च्या पिनेवर कोरडी सोल्डर. पुन्हा टाका मारला, मशीन चालू केलं, दोन्ही भाग हिरवे. तुमच्या बोर्डावर अर्धाच खेळ चालत असेल, तर आधी हा लिहून वाचायचा प्रयोग करा. मल्टिमीटर नंतर.

बोर्ड सुकत ठेवला असताना दुसरा एक प्रयोग केला. आर्केडचा पडदा उभा, २२४ बाय २८८. अटारीचा चार रंगांचा पडदा आडवा, १६० बाय १९२. म्हणजे आठ-आठच्या ३६ ओळींचं चित्र २४ ओळींत बसवायचं. त्यात एक पॅक-मॅन आणि चार भुतं अशी पाच हलती चित्रं. अटारीची चित्रं दाखवणारी जीटीआयए चिप मोठी चार देते, प्रत्येक आठ पिक्सेल रुंद, आणि सोबत दोन-दोन पिक्सेलच्या चार बारीक पट्ट्या, ज्यांना मिसाइल म्हणतात. एक बिट लावला की या चार मिसाइल एकाच रंगाच्या होतात आणि शेजारी शेजारी ठेवल्या की पाचवं चित्र तयार. पण त्याचा रंग पार्श्वभूमीच्या एका रंगाशी वाटून घ्यावा लागतो.

फुगलेला पॅक-मॅन मी स्वतः काढून पाहिला. रुंदी एका रजिस्टरमध्ये एक आकडा लिहिला की दुप्पट होते. उंचीसाठी तशी सोय नाही, प्रत्येक ओळ दोनदा लिहावी लागते. आणि हे सगळं जागा बदलताना दर फ्रेमला. एवढं केल्यावर डायर यांच्या कामाकडे बघायची माझी नजर बदलली.

एक गोष्ट खटकते. माझं मशीन पाल या युरोपीय टीव्ही पद्धतीचं आहे, इंग्लंडहून मावसभावाने आणलेलं. खेळ अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी लिहिलेला, माझा पडदा ५० चा. माझ्या चाचणी प्रोग्रामला ६०० फ्रेम मोजायला एमुलेटरच्या एनटीएससीमध्ये (अमेरिकेची टीव्ही पद्धत) १० सेकंद लागले, इथे १२. त्यामुळे भुतं जरा दमानं येतात. कोणाकडे चालू स्थितीतलं एनटीएससी ८००एक्सएल असेल, तर एका रविवारी बोर्ड घेऊन येईन. पुण्यात कुठेही, मुंबईतही. चाळीस वर्षं जुना पॉवर सप्लाय मात्र लावायचा नाही, माझा ५ व्होल्टचा सोबत आणतो.

पुढचं काम: कार्ट्रिजचं खोकं. थ्रीडी प्रिंटचा पहिला नमुना खाचेत एक मिलिमीटर जाड निघालाय, तो आज संध्याकाळी घासतो.