आवक क्रमांक आणि पाच दिवस : 24 आठवड्यांनंतरच्या गर्भपाताचा माझा अनुभव

पोटातल्या बाळाच्या हृदयाची डावी बाजू वाढलेलीच नाही, असे फीटल एको, म्हणजे गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी, करणाऱ्या डॉक्टरांनी मला सांगितले, त्या दिवशी गर्भ 24 आठवडे आणि 1 दिवसाचा होता. हा आकडा इतका नेमका लक्षात राहण्याचे कारण असे की पुढचे दहा दिवस प्रत्येक टेबलावर मला पहिला प्रश्न तोच विचारला गेला. आजार कोणता, हे त्यानंतर विचारले जाई.

उशीर कुणाच्या निष्काळजीपणामुळे झाला, असे मी म्हणणार नाही. अनॉमली स्कॅन, म्हणजे गर्भात व्यंग आहे का हे पाहणारी सोनोग्राफी, विसाव्या आठवड्यातच केला होता, पण बाळ पाठमोरे असल्यामुळे हृदयाचे चारही कप्पे नीट दिसले नाहीत आणि मला दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले गेले. दुसऱ्या सोनोग्राफीत शंका आली. हृदयाची स्वतंत्र तपासणी करणारे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत, त्यामुळे त्यांची वेळ मिळेपर्यंत आणखी दिवस गेले. गुरुवारी दुपारी निदान झाले. तो दिवस आणि शुक्रवार आम्ही दोघांनी, सासूबाईंनी आणि माझ्या आईने बोलण्यात आणि न बोलण्यात घालवला, आणि शनिवारी मी निर्णय घेतला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सहानुभूतीने पण ठामपणे सांगितले, की 24 आठवडे उलटले असल्यामुळे आता कोर्टातून परवानगी आणावी लागेल. हे ऐकून आमच्या घरात वकिलाचा शोध सुरू झाला. रविवारी रात्री झोप येईना म्हणून मी 1971 चा वैद्यकीय गर्भपात (एमटीपी) कायदा आणि त्यातली 2021 ची दुरुस्ती मोबाइलवर उघडून वाचायला घेतली. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही, पण कलम 3 मधले 2-बी हे पोटकलम तीनदा वाचल्यावर त्याचा अर्थ स्पष्ट झाला. गर्भात गंभीर स्वरूपाचे व्यंग असल्याचे मेडिकल बोर्डाने, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने, निश्चित केले, तर आठवड्यांची मर्यादा लागूच होत नाही. तिथे न्यायालयाचा उल्लेखही नाही. त्याच कायद्याखालच्या, ऑक्टोबर 2021 मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांत तर असे आहे, की बोर्डाकडे विनंती आल्यापासून 3 दिवसांत बोर्डाने तपासणी करून मत द्यायचे आणि मान्यता दिली तर विनंतीपासून 5 दिवसांच्या आत गर्भपात सुरक्षितपणे पार पडेल हे पाहायचे.

त्याच रात्री 2008 सालच्या एका प्रकरणाबद्दलही वाचले. गर्भाच्या हृदयात दोष असलेल्या एका दांपत्याने स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. तेव्हा मर्यादा 20 आठवड्यांची होती आणि न्यायालयाने परवानगी नाकारली. त्यानंतर दुरुस्ती विधेयक लोकसभेत मार्च 2020 मध्ये आणि राज्यसभेत मार्च 2021 मध्ये मंजूर झाले व सप्टेंबर 2021 पासून ते लागू झाले. म्हणजे त्या बाईला जे दार बंद मिळाले, ते माझ्यासाठी उघडायला तेरा वर्षे लागली होती. आणि ते उघडे आहे हे मला सांगणारे कुणी नव्हते, याचा मला त्या रात्री फार राग आला.

सोमवारी सकाळी आम्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो. केसपेपर काढला, स्त्रीरोग विभागात तपासणी झाली आणि तिथल्या निवासी डॉक्टरांनी बोर्डासाठी अर्ज लिहून आवक विभागात द्यायला सांगितले. आवक विभागातल्या लिपिकाने अर्ज वाचला आणि "कोर्टाची ऑर्डर जोडा, मग घेतो" असे म्हणून परत केला. मी त्याला कलम दाखवले. त्याने मोबाइलकडे पाहिले नाही. आवाज चढवून उपयोग नव्हता, कारण मागे रांग होती आणि माझे पोट सगळ्यांना दिसत होते.

तिथून वाट काढली ती वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक बाईंनी. सरकारी रुग्णालयात अशा अधीक्षकांची खोली असते, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे. त्यांनी मला बसवले, पाणी दिले, अर्जात आजाराचे नाव, गर्भाचे नेमके वय आणि पोटकलमाचा क्रमांक घालून घेतला, सोबत सोनोग्राफीचे दोन्ही अहवाल आणि फीटल एकोचा अहवाल लावला आणि माझ्याबरोबर स्वतः खाली आल्या. लिपिकाने आता काही न बोलता गोल शिक्का उमटवला, आवक क्रमांक घातला आणि त्याखाली तारीख लिहिली. बाई मला हळूच म्हणाल्या, "ताई, याची झेरॉक्स आत्ताच काढा. तीन दिवस यापासून मोजायचे आहेत." तोवर मी केलेली सगळी धावपळ कागदावर कुठेच नव्हती. मुदत सुरू झाली ती त्या शिक्क्यापासून.

मंगळवारी बोर्डाच्या वतीने सोनोग्राफी आणि एको पुन्हा झाले. बुधवारी दुपारी बोर्ड बसले. स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट हे सदस्य कायद्यानेच ठरलेले आहेत, आमच्या वेळी आणखी दोघे होते. मला वाटले होते, की मला माझी बाजू मांडावी लागेल, पण कुणीही मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. बालरोगतज्ज्ञांनी विचारले, "जन्मानंतर तीन टप्प्यांत शस्त्रक्रिया करता येतात, हे तुम्हाला कुणी समजावून सांगितले आहे का?" मी हो म्हटले. त्या शस्त्रक्रियांनी हृदय दुरुस्त होत नाही, उजव्या कप्प्याकडूनच सगळे काम करवून घेतले जाते आणि पुढचे आयुष्य त्यावरच काढावे लागते, हे एको करणाऱ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले होते, तेही सांगितले. त्यांनी मान हलवली आणि एवढेच विचारले, की निर्णय माझा स्वतःचा आहे ना. हा प्रश्न विचारलाच पाहिजे होता आणि त्यांनी तो माझ्या नवऱ्याला बाहेर बसवून विचारला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. संध्याकाळी बोर्डाचा मान्यतेचा अहवाल हातात आला.

गुरुवारी दाखल होताना पुन्हा एक अडचण आली. वॉर्डातल्या सिस्टरांनी संमतिपत्रावर पतीची सही मागितली. कायद्याप्रमाणे सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. संमतीसाठीच्या नमुना 'सी'वर पतीच्या सहीसाठी जागाच नाही. माझा नवरा सही करायला तयार होता, पेनही त्याच्या हातात होते, पण मीच नको म्हटले. दाखल करण्याच्या कागदावर नातेवाईक म्हणून त्याने सही केली, संमतिपत्रावर फक्त माझी राहिली. शेजारच्या खाटेवरची एक मुलगी एकटीच आली होती आणि ती हे सगळे टक लावून ऐकत होती, म्हणून मला ते अधिकच महत्त्वाचे वाटले.

त्याच दिवशी पहिली गोळी दिली. शुक्रवारी सोनोग्राफीत पाहत पोटातून सुई घालून बाळाचे हृदय थांबवले. डॉक्टरांनी पडदा माझ्यापासून वळवला होता, पण खोलीतला आवाज बंद झालेला मला कळला. शनिवारी कळांच्या गोळ्या सुरू झाल्या आणि संध्याकाळी, म्हणजे विनंतीपासून पाचव्या दिवशी, प्रसूती झाली. हो, ती प्रसूतीच असते, तितक्याच कळांची, आणि हे मला आधी कुणी सांगायला हवे होते. दूध येऊ नये म्हणून वेगळी गोळी देतात, हेही मला तिथेच कळले. वॉर्डातल्या मावशींनी बाळ पांढऱ्या कपड्यात गुंडाळून विचारले, "बघणार का?" मी बघितले. त्याबद्दल इथे अधिक लिहिणार नाही.

नावाच्या गोपनीयतेबद्दल मात्र लिहायला हवे, कारण कलम 5-ए प्रमाणे गर्भपात झालेल्या स्त्रीचे नाव व तपशील उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मला रुग्णालयातून घरी सोडले त्या दिवशी वॉर्डाच्या दाराशी माझे नाव आणि "एमटीपीवाल्या" हा शब्द एकत्र पुकारला गेला. मी समाजसेवा अधीक्षकांकडे लेखी तक्रार दिली आणि तिचीही पोच घेतली.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले, की पुढच्या गरोदरपणात हृदयदोषाचा धोका थोडा वाढलेला धरून चालायचे. त्यांनी माझ्या कागदावर लाल शाईने लिहून दिले आहे, की पुढच्या वेळी फीटल एको दुसऱ्या सोनोग्राफीची वाट न पाहता विसाव्या आठवड्याच्या आत करायची आणि तिची वेळ चौथ्या महिन्यातच ठरवून ठेवायची.