सण आला की गोष्ट थांबते का?

"कॅम्पेनमध्ये सण घातला की अख्खं सेशन जत्रेतच जातं आणि मूळ गोष्ट तिथल्या तिथे राहते. मग सण घालायचाच कशाला?" नवे डीएम (डंजन मास्टर, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या रोलप्लेइंग गेममध्ये गोष्ट चालवणारे) हे हमखास विचारतात. कॅम्पेन म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट, आणि सेशन म्हणजे त्यातली एक बैठक. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सेशन जत्रेत जातं हे खरंच आहे, कारण आपण सणाला सजावट समजतो. पताका, मिठाई, तिरंदाजीची स्पर्धा. (या स्पर्धेचा मला भारी कंटाळा. धनुष्य चालवणारं पात्र, म्हणजे रेंजर, जिंकतो, बाकीचे टाळ्या वाजवतात.) सण लिहायला घेतला की मी आधी एवढंच ठरवते: एरवी चालणारी कोणती गोष्ट या दिवशी चालत नाही?

माझ्या कॅम्पेनमधल्या एका गावात पेरणी आटोपली की तीन रात्री कुणी शस्त्र उपसायचं नाही, असा रिवाज आहे. वेशीवर बसलेली म्हातारी प्रत्येकाच्या तलवारीची मूठ म्यानाला लाल दोऱ्याने बांधते. दोरा तोडला आणि पुढे पीक बुडालं, तर भरपाई तोडणाऱ्याने द्यायची. पार्टी, म्हणजे प्लेयरच्या पात्रांची टोळी, ज्या खुन्याच्या मागावर होती, तो नेमका त्यातल्याच एका रात्री गावात येऊन त्यांच्यासमोर निवांत जेवायला बसला. तो कोण आहे हे गावाला ठाऊक होतं, पण कुणी हात लावेना. पार्टीतल्या फायटरचा, म्हणजे लढवय्याचा, हात मुठीकडे गेला, तसं शेजारच्या पोराने त्याचं मनगटच धरलं. पार्टीतला रोग (rogue, चोरट्या कामांत तरबेज पात्र) मात्र दोन दिवस म्हातारीची लाकडं फोडत होता, चौथ्या पहाटे तिने पहिला दोरा आपला सोडावा म्हणून!

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्समधल्या फॉरगॉटन रेल्म्स या काल्पनिक जगाच्या दिनदर्शिकेत ३० दिवसांचे १२ महिने आहेत आणि कुठल्याच महिन्यात न मोडणारे ५ सण. शिवाय दर ४ वर्षांनी शील्डमीट येतो, तेव्हा करारमदार होतात. म्हणजे एखाद्या राजाकडून वचन हवं असेल, तर पार्टीला आयतीच मुदत मिळाली. रूनक्वेस्ट या दुसऱ्या रोलप्लेइंग गेमने तर सण थेट नियमांत आणला. आपल्या देवाच्या पवित्र दिवशी पूजेला हजर राहिलं की खर्च झालेले रून पॉइंट (देवाची जादू वापरायला लागणारे गुण) परत मिळतात. मग पुढचा सण कधी, हे प्लेयरच विचारत बसतात.

तेवढी एक काळजी घ्या. रिवाज ऐनवेळी प्लेयरच्या माथी मारू नका. एक-दोन सेशन आधीपासून कानावर पडू द्या: व्यापारी घाईने माल उतरवतोय, पहारेकरी रजा मागतोय. आणि एका सणाला एकच रिवाज पुरतो. दहा पानी पुराण लिहिलंत तरी टेबलावर लक्षात राहतो तो दोराच.

गावात सण न पाळणारं एक तरी घर ठेवा. प्लेयर तिथे गेल्याशिवाय राहत नाहीत. ते का पाळत नाहीत, हे मात्र आधीच लिहून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही.