काळा की लाल?

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असे मुख्याध्यापकांचे पत्र आले आणि ते हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिले. शाळेविषयी लिहायचे तर स्नेहसंमेलन आहे, प्रभातफेरी आहे, शनिवारची सकाळची शाळा आहे. पण लिहायला बसले की डोळ्यांसमोर फक्त विज्ञानाचे सर उभे राहतात आणि बाकी सगळे मागे सरते. नुसते ‘सर’ म्हटले तरी आमच्या पिढीला त्यांचे नाव सांगावे लागत नाही.

प्रयोगशाळेच्या दाराशी खडूच्या रिकाम्या खोक्याची जी प्रश्नपेटी होती, ती सर्वांना आठवत असेल. शनिवारी शेवटच्या तासाला सर त्यातील चिठ्ठ्या वाचत. ज्या प्रश्नाचे उत्तर मोजून मिळते त्याची चिठ्ठी टेबलाच्या उजव्या बाजूला जाई. जे आज मोजता येत नाही, पण जगात कोणीतरी मोजण्याच्या खटपटीत आहे, त्याची डाव्या बाजूला. काही चिठ्ठ्या मात्र ते घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवत आणि त्यांच्याविषयी वर्गात अवाक्षर काढत नसत. त्या खिशातील चिठ्ठ्यांचे पुढे काय होते, हे मला दहावीत कळले.

नववीची सहल नेहमीप्रमाणे पाटणादेवीला होती. तेथे सरांनी आम्हांला प्रथम बाराव्या शतकातील गणिती भास्कराचार्यांविषयी सांगितले. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने याच पाटण येथे मठ स्थापन केला आणि शके ११२८ च्या शिलालेखात त्याची नोंद आहे, हे चाळीसगाव तालुक्यातील मुलांना ठाऊक असलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पृथ्वीला कोणी मूर्त आधार दिला आहे असे मानले, तर त्या आधाराला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशी न संपणारी रांग लागते. आणि शेवटचा आधार स्वतःच्या शक्तीवर उभा आहे असेच म्हणायचे असेल, तर ती शक्ती पहिल्यालाच, म्हणजे पृथ्वीलाच, का देऊ नये, हा भास्कराचार्यांचा युक्तिवाद त्यांनी एकावर एक दगड रचून दाखवला. पृथ्वी आकाशात खाली पडत आहे, या बौद्ध मताचे भास्कराचार्यांनी केलेले खंडनही त्यांनी तितक्याच आनंदाने सांगितले: वर फेकलेली जड वस्तू पुन्हा जमिनीवर येते हे डोळ्यांनी पाहूनही तुम्ही असे कसे म्हणता, असे ते बौद्धांना विचारतात. सरांच्या आईवडिलांनी १९५६ नंतर धम्मदीक्षा घेतलेली होती आणि सरांच्या घरी रोज संध्याकाळी वंदना होत असे. तरीही बौद्ध मताचे खंडन त्यांनी कधी झाकले नाही किंवा सौम्य करून सांगितले नाही.

जेवायच्या वेळी ओढ्याच्या कडेला बसलो असता मी विचारले, “सर, आधाराची रांग जशी संपत नाही, तशी आधीची रांगही संपणार नाही ना? मग विश्वाच्या आधी काय होते?” सरांनी भाकरी खाली ठेवली आणि ते बोलणार, एवढ्यात किंकाळी आली. आमच्या वर्गातील एका मुलाने बसायला म्हणून दगड उचलला होता आणि त्याखालच्या विंचवाने त्याच्या अंगठ्याला नांगी मारली होती.

त्यानंतरची पाच मिनिटे मला आजही लख्ख आठवतात, कारण त्यांची मला अजून लाज वाटते. आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो आणि वाद घालू लागलो. कोणी म्हणाले नर असेल, कोणी म्हणाले मादी. कोणी म्हणाले, देवीच्या डोंगरातला दगड हलवला म्हणून शिक्षा मिळाली. एकाला चुना हवा होता, एकाला कांदा, एकाला पायथ्याच्या वस्तीवर विंचू उतरवणारा माहीत होता. मी म्हणाले, “दगड तर मीही उचलले होते; मग यालाच का चावला?” तो बिचारा मनगट आवळून घामाने निथळत होता. सरांनी आम्हांला बाजूला केले, त्याला खाली बसवले, हात हलवू नकोस म्हणून बजावले आणि काठीने तो दगड उलटून नीट वाकून पाहिले. “काळा. पुढच्या नांग्या जाड आहेत, शेपटी बारीक आहे,” एवढेच ते बोलले आणि कापूस घेऊन निघालेल्या एका ट्रॅक्टरला हात करायला रस्त्याकडे धावले.

गावात पोहोचल्यावर डॉक्टरांनी नाव, गाव काहीही न विचारता पहिला प्रश्न केला: “काळा की लाल?” लाल विंचवाचे विष हृदयावर आणि फुप्फुसांवर जाते आणि लहान मुले दगावतात; महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध देऊन कितीतरी प्राण वाचवले, हे मी पुढे शिकले. आमच्या मित्राचा विंचू काळा असल्याने रात्रभराच्या वेदनेवर निभावले.

सोमवारी सरांनी पुस्तक उघडलेच नाही. त्यांनी मज्झिम निकाय या बौद्ध पाली ग्रंथातील मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्षूची कथा सांगितली. जग शाश्वत आहे की अशाश्वत, अंत असलेले आहे की अनंत, जीव आणि शरीर एकच की वेगळे, तथागत मरणानंतर असतो की नसतो, अशा दहा प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत तर मी भिक्षूपण सोडून जाईन, असे तो बुद्धांना सांगतो. बुद्ध त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचे उदाहरण देतात. बाण मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, उंच की ठेंगणा, कोणत्या गावचा, धनुष्याची दोरी कशाची, पिसे गिधाडाची की मोराची, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही असे म्हणणारा माणूस उत्तरांच्या आधीच मरेल.

ही कथा पुष्कळांना माहीत असते आणि ‘फार प्रश्न विचारू नयेत’ असा तिचा अर्थ लावून ती मिटवली जाते. सरांनी तसे केले नाही. त्यांनी फळ्यावर विंचू चावल्यावरचे आमचे प्रश्न लिहिले आणि विचारले, “यांतला कोणता प्रश्न बाण काढणारा होता?” कोणालाच सांगता येईना, तेव्हा त्यांनी डॉक्टरांचा ‘काळा की लाल’ हा प्रश्न खाली लिहून त्याभोवती खडूने गोल काढला. विंचवाविषयीचे सगळेच प्रश्न निरुपयोगी नव्हते. एका प्रश्नावर आमच्या मित्राचा जीव अवलंबून होता, आणि त्याच्या उत्तरासाठी आम्हा चाळीस जणांपैकी एकालाही वाकून पाहावेसे वाटले नव्हते.

मग ते माझ्याकडे वळले. विश्वाच्या आधी काय होते, हा माझा प्रश्न डाव्या बाजूचा आहे, असे म्हणून त्यांनी पेंझियास आणि विल्सन यांची हकीकत सांगितली. अमेरिकेतील या दोघा शास्त्रज्ञांना १९६४ साली आपल्या अँटेनात एक अखंड खरखर ऐकू येत होती. कबुतरांची घाण असेल म्हणून त्यांनी अँटेना घासून काढली, तरी ती जाईना. तो विश्वाच्या तप्त बालपणाचा अवशेष होता. प्रयोगशाळेच्या कौलांत कबुतरे घुमत होती आणि सर हे सांगत होते, म्हणून ते माझ्या कायमचे लक्षात राहिले. विश्वाच्या वयापुढे त्यांनी फळ्यावर ‘१००० ते २००० कोटी वर्षे’ असे लिहिले; आज तो आकडा सुमारे १३८० कोटींवर स्थिरावला आहे. “मग बुद्धांना जे सांगता आले नाही, ते विज्ञानाने सांगितले का?” असे मी विचारले. सर म्हणाले, “अगं, विश्व एके काळी तप्त आणि दाट होते, एवढे कळले आहे. त्यापलीकडचे कळलेले नाही. आणि बुद्धांनी ‘हे कधीच कळणार नाही’ असे म्हटलेले नाही. याने दुःख संपणार नाही, असे म्हटले आहे. उपकरण सुधारले की पहिली मर्यादा पुढे सरकते. दुसरी सरकत नाही.”

या दोन मर्यादांची गल्लत आता सर्रास झालेली पाहून मला वाईट वाटते. बुद्धांनी आधुनिक भौतिकशास्त्र आधीच सांगून ठेवले होते, असे संदेश मला आठवड्यातून दोनदा येतात. त्याने ना बुद्धांचा मान वाढतो, ना भौतिकशास्त्राचा. २० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर गेले, त्या दिवशी मला सर फार आठवले. महास्फोटाच्या सिद्धांताविषयी बहुतेकांची खात्री पटल्यावरही नारळीकर शेवटपर्यंत त्यावर प्रश्न विचारत राहिले, आणि सर त्यांचे उदाहरण डाव्या बाजूच्या चिठ्ठ्यांसाठी देत असत. सरांना जाऊन आता नऊ वर्षे झाली. त्यांच्या आजारपणात मला रजा काढून येता आले असते आणि मी आले नाही, हे मी येथे लिहून ठेवते.

मी पुण्यात कर्करोगाच्या रुग्णांना द्यायच्या किरणांची मात्रा ठरवण्याचे काम करते. बहुतेकदा दिवसाला दोन ग्रे (ग्रे हे त्या मात्रेचे माप), पंचवीस दिवस. रुग्ण विचारतात, “मॅडम, मलाच का?” तेव्हा मला पाटणादेवीचा ओढा आठवतो, आणि रात्री झोप लागते का, घास गिळताना दुखते का, हे मी आधी विचारते.

दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर माझे वडील गेले. पंधरा दिवसांनी मी शाळेत आले आणि पेटीत चिठ्ठी टाकली: ‘मेलेले माणूस कुठेतरी असते का?’ शनिवारी सरांनी ती उघडली, वाचली आणि खिशात ठेवली. त्याच संध्याकाळी त्यांची सायकल आमच्या घरापुढे थांबली. ओट्यावर बसून त्यांनी आईला विचारले, कापसाची वेचणी किती राहिली आहे, मजूर मिळतात का, बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म भरला का, पोरीला रात्री अभ्यासाला दिवा आहे का. माझ्या चिठ्ठीचा विषय त्यांनी काढला नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी सात वाजता ते वर्गातील सहा मुलांना घेऊन आमच्या शेतात आले. विंचू चावलेला मुलगाही त्यांत होता. सरांनी धोतर वर खोचले, कमरेला ओटी बांधली आणि बांधाकडची पहिली ओळ स्वतः धरली.